पाड लागायच्या आधी

ज्याला दवाखान्यात नुकतंच सांगितलंय की तुमचं बाळ दिवस भरायच्या आत येईल, त्या माणसासाठी हे लिहितोय. बाईसाठी नाही म्हणत, कारण माझा अनुभव असा की बाई ऐकते. बाहेर बाकावर बसलेला पुरुष ऐकल्यासारखं करतो आणि मग त्याला आधीपासून जे माहीत असतं तेच बोलतो. मी तसंच केलं.

मी डॉक्टर नाही. औषधाचं नाव, ते कुणाला चालतं, कुणाला नाही, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला सांगायचंय ते औषधाबद्दल कमी आणि एका शब्दाबद्दल जास्त आहे.

अढी

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वर, डोंगराच्या सपाटीवर. पावसाळ्यात भात-नाचणी, गोठ्यात गुरं आणि उन्हाळ्यात माझा धंदा आंब्यांचा. आजूबाजूच्या वाड्यांतली रायवळ झाडं बोलीवर घ्यायची, आंबे उतरवायचे, घराच्या माळ्यावर भाताच्या पेंढ्यात अढी घालायची आणि पिकले की पोलादपूरला महाबळेश्वरच्या फाट्यावर बसून विकायचे.

त्या वर्षांत बाजारात पावडर लावून पिकवलेले आंबे यायला लागले होते. बाहेरून पिवळेधमक, सुरी लावली की कोयीजवळ पांढरे आणि आंबट. ती पावडर मी कधी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. गाड्या थांबायच्या, लोक विचारायचे, "अढीवाला दत्ता कुठं बसतो?" याचा मला अभिमान होता. तो अभिमान वाईट होता असं मला आजही म्हणता येत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

झाडावरचा एखादा आंबा आपोआप पिकतो आणि खाली पडतो. त्याला आम्ही पाड म्हणतो. पाड लागला की झाड तयार झालं, आता उतरवायला हरकत नाही. पाड लागायच्या आधी काढलेला आंबा कोवळा. तो अढीत कितीही ठेवा, पिकत नाही. सुरकुततो आणि काळा पडतो. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

महाडला

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या बायकोला, सुरेखाला, सातवा सरून आठवा लागला होता. पहिलंच बाळ. वैशाखातली सकाळ. ती गोठ्यातून आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"पोटात कायतरी आवळतंय. थांबतंय नि परत येतंय."

"वारा धरला असंल," माझी आई चुलीपुढूनच म्हणाली. "ओवा खा गो जरासा."

ओवा खाऊन झाला तरी आवळणं थांबेना. मग जीप आणली. पोलादपूरच्या दवाखान्यात तपासून लगेच महाडला पाठवलं. महाडला चवदार तळ्याच्या पलीकडे एक लहानसं प्रसूतिगृह होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, औषध दिलं. दुपारपर्यंत कळा मंदावल्या. मग त्यांनी मला आणि आईला खाटेजवळ बोलावलं.

"कळा सध्या थांबल्यात, पण भरवसा नाही," त्या म्हणाल्या. "बाळ कधीही येऊ शकतं. आणि आत्ता आलं तर त्याला श्वास घेणं जड जाईल, कारण फुप्फुसं अजून कच्ची आहेत. ती लवकर पिकावीत म्हणून आईला इंजेक्शन द्यायचंय. आज एक, उद्या एक."

'पिकावीत' हा शब्द त्यांनी आमच्यासाठीच निवडला असणार. त्यांनी एखादा जड शब्द वापरला असता तर मी मान डोलावून हो म्हटलं असतं. न समजलेल्या प्रत्येक गोष्टीला मी हो म्हणत आलोय. हा शब्द मात्र माझा होता. मला वाटलं, यातलं तर मला यांच्यापेक्षा जास्त कळतं.

"पिकवाया तो काय आंबा हाय का वो बाय?" आई म्हणाली.

शेजारच्या खाटेवरची माणसं हसली. डॉक्टरबाईही हसल्या. "तसंच समजा, आजी."

मी तसंच समजलो.

"मॅडम, म्हणजे पावडर लावतात तसं?" मी विचारलं.

"पावडर कसली? सुईतून औषध."

"पण जबरदस्तीनंच ना? वरून पिवळं करायचं आणि आतून कच्चं. नको मॅडम. कळा थांबल्यात तर राहू दे. दिवस भरले की आपोआप होईल."

त्या म्हणाल्या, "दिवस भरतील याची खात्री असती तर मी हा विषयच काढला नसता. आणि हे आधीच द्यावं लागतं. बाळ बाहेर आल्यावर आईला देऊन काही उपयोग नाही." एवढ्यात त्यांना आतून हाक आली. जाता जाता त्या म्हणाल्या, "विचार करा. पण आजच सांगा मला."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "पाड लागाया हवा. तवर झाडावर ऱ्हाव दे." मला ते एकदम पटलं. इतकं शहाणपणाचं बोलणं दवाखान्यात दुसरं कुणी केलं नव्हतं.

सुरेखाने माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं. "अवो, बाय सांगतात तर घेऊया. सुई तर हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं? मी जन्मभर हेच करतोय."

हेच म्हणजे काय, हे मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाई परत आल्या. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा समजावलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. मी अजून ठाम झालो. मग त्या सुरेखाकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं आहे?"

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. "ते सांगतील तसं."

आम्ही तिथे आणखी दोन दिवस होतो. कळा आल्या नाहीत. त्या दोन दिवसांत दोन्ही इंजेक्शनं होऊन गेली असती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचं न ऐकता मी तिला घरी नेलं. माळ्यावर अढी होती, आंबे चाळून नासके वेगळे काढायचे राहिले होते. एक नासला की बाजूचे नासतात.

मुलगा

आठवडाही गेला नाही. या वेळी कळा थांबायचं नाव घेईनात. जीप महाडला पोहोचली आणि थोड्याच वेळात मुलगा झाला.

मी दाराबाहेर होतो. आतून बारीक आवाज यायला लागला, थांबून थांबून, एका लयीत. मला आनंद झाला. नर्सबाई बाहेर आल्या तेव्हा मी म्हणालो, "रडतोय ना?"

त्या म्हणाल्या, "ते रडणं नाही हो."

ते कण्हणं होतं. प्रत्येक श्वास सोडताना तो कण्हत होता, डोक्यावर ओझं घेऊन चढ चढणारा माणूस कण्हतो तसा. माझ्या दोन तळव्यांत मावला असता एवढा देह. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या. दिव्याखाली उबेला ठेवला होता, तोंडाजवळ प्राणवायू सोडला होता. बाकी सगळं नीट होतं. नखं होती. कानाची पाळी आमच्या बाबांसारखी होती. एक श्वास तेवढा जमत नव्हता.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेण्यासाठी डॉक्टरबाईंनी गाडीची खटपट सुरू केली. वाटेत काय होईल सांगता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. गाडी दुसऱ्या दिवसाशिवाय मिळत नव्हती. आम्ही वाट बघत बसलो.

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना सांगतो, त्या वाट बघण्यात माणूस देवाचा धावा करतो असं नाही. मी आंब्यांचा विचार केला. मध्येच तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि फाट्यावर आज कोण बसलं असेल याचा विचार केला. मग त्याची लाज वाटली आणि परत आलो.

शेजारच्या खाटेवर वरंधची एक बाई लेकीच्या बाळंतपणाला आली होती. तिचा नातू धडधाकट, आवाज रस्त्यापर्यंत जाणारा. तिने न बोलता लेकीची खाट मागच्या खोलीत हलवून घेतली. मग सुरेखासाठी पेज आणली.

"घे गो बाय, गरम हाय तवर."

"नको मावशी."

"नको म्हनून चालतंय व्हय? तुला दूध यायला हवं. त्याला लागंल ना." असं बोलून ती माझ्याकडे वळली, "आन तू रे, म्हातारीला घेऊन जरा भाएर बस. आठव्यातलं जगत नाय, आठव्यातलं जगत नाय, किती येळा बोलल ती? पोराला ऐकू जातं."

ती बाई बोलली त्यात तथ्य होतं का नाही ठाऊक नाही. पण मी आईला बाहेर नेलं. त्या चार भिंतींत मी केलेलं तेवढंच एक बरोबर काम.

सुरेखाला खुर्चीत बसवून बाळाजवळ नेलं. तिने एक बोट त्याच्या मुठीत दिलं. त्याने ते धरलं. ती तशीच बसून राहिली, हात अवघडला तरी. मी जवळ गेलो तर तिने मान वर केली नाही. म्हणाली, "हळू बोला. दमलाय तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. ती खाली रस्त्यावर उभी राहिली, इंजिन चालू ठेवून. मी पिशवी उचलली. तेवढ्यात डॉक्टरबाई खिडकीशी गेल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला हात केला. खाली गाडी बंद झाली.

मला ते असं कळलं.

घर

मी डॉक्टरबाईंना तिथेच विचारलं, "मॅडम, ते इंजेक्शन दिलं असतं तर?"

मला त्यांच्याकडून एकतर शाप हवा होता नाहीतर सुटका. त्यांनी दोन्ही दिलं नाही. "वाचलाच असता असं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन देऊनही काही बाळं जातात. पण त्याला थोडं सोपं गेलं असतं. त्याची शक्यता वाढली असती."

त्याला थोडं सोपं गेलं असतं. हे वाक्य मी घेऊन आलो.

वाडीच्या खालच्या अंगाला पऱ्या आहे, लहानसा ओढा, उन्हाळ्यात आटतो. त्याच्या काठाला बाळाला मातीत ठेवलं. नाव ठेवायचं राहिलं होतं, म्हणून हाक मारायलाही काही नव्हतं.

सुरेखाला जीपमधून घरी आणलं. दार उघडलं तर सगळं घर पिकलेल्या आंब्यांच्या वासाने भरलेलं. चाळायला कुणी नव्हतं, माळ्यावरचे सगळे एकदम पिकले होते, रस पेंढ्यातून खाली ठिबकत होता. तिने पदर नाकाला लावला आणि अंगणातच बसली. मी रात्र व्हायच्या आत सगळे आंबे खाली काढून गुरांपुढे टाकले. वास पुढे कित्येक दिवस जाईना.

त्यातच तिला दूध आलं. यावर मी जास्त लिहीत नाही. ज्या घरात हे झालंय त्यांना कळेल.

आई रोज म्हणायची, देवाची इच्छा. मला ते हवं होतं, खोटं का बोलू. देवावर टाकलं की माझ्यावरचं कमी होत होतं. सुरेखा यातलं काही म्हणत नव्हती. तिने मला बोल लावला नाही. जेवायला वाढायची, गुरांचं करायची, विचारलं तेवढं बोलायची. फक्त माळ्यावर जायची बंद झाली आणि माझ्या सदऱ्याचं टोक तिने पुन्हा कधी ओढलं नाही. आधी तिला ती सवय होती. काही सांगायचं असलं की चारचौघांत अशीच खूण करायची.

पावसाळा संपल्यावर मी एकटाच महाडला गेलो. डॉक्टरबाईंना म्हणालो, "मला ते इंजेक्शन समजावून सांगा. आता काही उपयोग नाही, तरी सांगा."

त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, बाळाच्या फुप्फुसांत बारीक बारीक पिशव्या असतात. कच्च्या असताना त्या श्वास सोडला की आतून चिकटतात, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या, आणि प्रत्येक श्वासाला नव्याने उघडाव्या लागतात. म्हणून बाळ दमतं. दिवस भरत आले की बाळ स्वतःच आत एक पदार्थ तयार करतं, त्याने त्या पिशव्या उघड्या राहतात. "इंजेक्शन बाहेरून काही भरत नाही," त्या म्हणाल्या. "आईच्या रक्तातून ते बाळापर्यंत जातं आणि त्याचं शरीर जे उशिरा करणार असतं ते जरा लवकर करायला लावतं. करायचं ते बाळच करतं."

मला माळ्यावरची अढी आठवली. पेंढा आंब्याला काय देतो? काही देत नाही. ऊब देतो. गोडी आंबा स्वतःच आणतो. अख्ख्या तालुक्यात अढी म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि मी अढीला पावडर समजून नाही म्हणालो होतो.

"माझा शब्द चुकला का हो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. शब्द बरोबर होता."

पुन्हा

दोन-तीन वर्षांनी सुरेखाला परत दिवस गेले. या वेळी ती पहिल्यापासून महाडला तपासून घ्यायची. मी सोबत जायचो, पण बाहेर बसायचो. आत मला बोलवायची नाही.

आठव्यातच पुन्हा पोट आवळायला लागलं. या वेळी ओवा नाही, काही नाही. तिने स्वतःच लुगडी पिशवीत भरली आणि म्हणाली, "जीप बोलवा."

तेच प्रसूतिगृह, त्याच डॉक्टरबाई. तपासून झाल्यावर त्या दारात आल्या, मी उठून उभा राहिलो. त्यांनी इंजेक्शनाचं सांगितलं, या वेळी कुठला शब्द वापरला ते मला आठवत नाही. मग सवयीने असेल, त्यांनी आत वळून विचारलं, "यजमानांना काही विचारायचंय का, सुरेखा?"

सुरेखा कुशीवर वळली होती. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "मागच्या टायमाला विचारलं व्हतं."

इतक्या वर्षांत त्याबद्दल ती मला बोलली ते एवढंच. तेही मला बोलली नाही, भिंतीला बोलली.

पहिलं इंजेक्शन त्या दिवशी झालं, दुसरं दुसऱ्या दिवशी. कळा औषधाने थोपवून धरल्या. मी बाकावर बसून होतो. हे वाचणाऱ्या माणसा, तू आता तिथे बसला असशील तर एवढंच कर. न कळलेला शब्द असेल तर विचार, आणि कळलेला वाटला तर दोनदा विचार. तुझ्या धंद्यातलं शहाणपण दाराबाहेर ठेव. आणि बाईला काय वाटतंय हे तिला विचार, सगळ्यांसमोर, आणि ती तुझ्या तोंडाकडे बघायला लागली तर तू तिथून उठून जा.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मुलगी झाली. दिवस भरायच्या कितीतरी आधी. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की तरीही त्रास होऊ शकतो. मी दाराला कान लावून उभा होतो. मला त्या कण्हण्याची भीती होती. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

आतून रडणं आलं. खरं रडणं, रागावलेलं, लांब. मधे श्वास घेऊन पुन्हा रडणं. नर्सबाईंनी दार उघडलं तेव्हा त्या हसत होत्या. बरगड्यांखाली खळगा नव्हता, मी तो आधी पाहिला. उबेला ठेवावं लागलं, नळीने दूध द्यावं लागलं, पण श्वास तिचा तिने घेतला.

मी धावत सुरेखाजवळ गेलो. "रडली गो! ऐकलंस? कशी रडली!"

तिने ऐकलं होतं. मला वाटलं ती हसेल. ती छताकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. आतून मुलीचं रडणं येतच होतं. तिने हात पुढे केला, माझ्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं आणि मला जवळ ओढून विचारलं,

"म्हंजी, सुईनं जगतं ना वो पोर?"

मुलगी आता पोलादपूरला शाळेत जाते, चढावर माझ्या पुढे पळते. सुरेखाने विचारलं त्याला मी अजून हो म्हणू शकलेलो नाही.